ओस गावात जाणारी दवाखान्याची गाडी

मोह पडायला लागला की लोकांच्या जिवाला बरं वाटतं. मी मात्र वैतागते. यंदाही तेच झालं. मोहर्लीकडच्या ज्या उपकेंद्रात मी सध्या नर्स आहे, त्याच्या मागेच मोहाचं जुनं झाड आहे. सकाळी दार उघडलं की तो गोड, जड, किंचित आंबूस वास आत येतो आणि दिवसभर औषधांच्या खोलीत ठाण मांडून बसतो. परवा सफारीला आलेली एक बाई पाय मुरगळला म्हणून आली होती. पट्टी बांधून घेता घेता तिनं विचारलं, "सिस्टर, हा इतका छान वास कसला?" मी म्हटलं, "मोहाचा." तिनं डोळे मिटून घेतले. म्हणाली, "किती शांत वाटतं ना इथे!" मी पट्टी जरा जास्तच आवळली.

तिचा बिचारीचा काय दोष? या वासानं मला भांडावंसं वाटतं, हे तिला कसं ठाऊक असणार. भांडण तसं माझ्या रक्तातच आहे. मी गोंडपिपरीची. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात गप्प बसणाऱ्याचं कौतुक कोणी केलं नाही. शाळेत पाणी उशिरा मिळालं तरी आई विचारायची, "तू काय बोलली मग?" तक्रार ऐकून घेण्याआधी हा प्रश्न. पुढं नर्सिंग शिकले, नोकरी लागली, आणि ज्यांच्यावर चिडावं अशी माणसं आणि टेबलं यांचा मला आयुष्यभर तोटा पडला नाही.

त्यातला सगळ्यात मोठा संताप धानोऱ्याकडचा. तिथं मी बरीच वर्षं काढली. माझ्या उपकेंद्रापासून जवळच, रस्त्याला लागून, जंगलाच्या कडेला झोपड्यांची एक वस्ती होती. कुडाच्या भिंती, वर गवत आणि निळं प्लास्टिक. ती माणसं मूळची आतल्या जंगलातल्या एका गावची. तिथं त्यांच्या धानाच्या बांध्या होत्या, तळं होतं, देव होते. मग दादालोक, म्हणजे नक्षलवादी, यायला लागले. यायचे, भात मागायचे. ते गेले की वर्दीवाले यायचे आणि भात कोणी दिला ते विचारायचे. द्यावा तरी मार, न द्यावा तरी मार. एक दिवस दादालोकांनी गावातल्या कर्त्या माणसाला पोलिसांचा खबऱ्या ठरवून मारलं, आणि उरलेल्या घरांनी भांडी डोक्यावर घेऊन रस्ता गाठला. कोणी त्यांना जा म्हटलं नव्हतं, म्हणून सरकारच्या लेखी ते कुठं गेलेच नव्हते. गाव जागेवर होतं, नकाशावर होतं. माणसं तेवढी नव्हती.

आता ऐका गंमत. फिरत्या दवाखान्याची एक गाडी होती. डॉक्टर, औषधं, रक्त तपासायचं सामान, सगळं घेऊन ती दुर्गम गावांना जायची. या लोकांचं जुनं गाव तिच्या फेरीत होतं. आणि तिकडं जायचा रस्ता कुठून? तर या वस्तीच्या पुढ्यातून. गाडी यायची, झोपड्यांसमोरून धुरळा उडवत जायची आणि आत ओस गावात जाऊन उभी राहायची. पडक्या घरांना दवाखाना दाखवून परत यायची. सुरुवातीला बायांनी हात केले, पोरं मागं धावली. मी स्वतः रस्त्यात उभी राहून गाडी अडवली. ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "सिस्टर, मले इथी थांबाचा ऑर्डर नाई. माह्यावर कायले चिडून राह्यली तू?"

मग त्या लोकांनी आपल्या परीनं तोडगा काढला. ज्या दिवशी गाडी असायची, त्या दिवशी दुखणारे, खोकणारे, पोटुशा बाया सकाळीच जंगलातून पायी निघायचे आणि आपल्याच ओस गावात जाऊन बसायचे. आपल्याच पडक्या ओट्यावर पेशंट म्हणून. मागून गाडी यायची. ती त्यांना वाटेत घेऊ शकत नव्हती, कारण पेशंट बसवायचा नियम नव्हता. ज्या घरातून जीव मुठीत धरून पळालो त्याच घरासमोर सर्दीची गोळी घ्यायला परत जायचं, यासारखी चेष्टा मी दुसरी पाहिली नाही. तापानं फणफणलेला माणूस त्या वाटेनं चालत जायचा आणि डॉक्टर त्याला विश्रांती घ्यायला सांगायचा.

हे मी तालुक्याच्या बैठकीत बोलले. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "लोक येतात ना तिथं? उपस्थिती चांगली आहे. मग अडचण काय आहे, सिस्टर?" शेजारी बसलेल्या बाईंनी माझा हात दाबला नसता तर माझी नोकरी त्या दिवशीच गेली असती. त्या बैठकांमध्ये 'शेवटच्या माणसापर्यंत' हा शब्द फार वापरतात. शेवटचा माणूस रस्त्यालाच उभा होता. गाडी त्याला ओलांडून जायची.

जैनी त्याच वस्तीतली. सडपातळ, काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची. बोलायची जवळजवळ नाहीच. तिच्या वतीनं सगळं बोलायची ती तिची सासू, कुम्मेबाई. जैनीचं रक्त सिकलसेलचं. ते रक्त अंगात असलं की थकवा असतो, हाडं ठणकतात, आणि बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ असते. तिची दोन मुलं गेलेली. एक जुन्या गावात घरीच गेलं. दुसरं इकडं आल्यावर दवाखान्यात झालं आणि तिथंच गेलं. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि दिवस भरत होते ते नेमके मोहाच्या हंगामात.

तिला घरी बाळंत होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. रक्ताची सोय असलेला दवाखाना जिल्ह्याच्या गावी. त्याआधी काही दिवस तिनं आरोग्यकेंद्राच्या आवारातल्या माहेरघरात राहावं, म्हणजे कळा सुरू झाल्या तर धावपळ नको. हे माहेरघर चांगली गोष्ट आहे, उगाच नावं ठेवायची नाहीत मला. पोटुशी बाई राहते, सोबतीला एखादी बाई राहते, जेवण मिळतं. पण तिथले म्हणाले, ही आमच्या हद्दीतली नाही, हिचं गाव पलीकडच्या केंद्रात. पलीकडचे म्हणाले, ती तर तुमच्याकडं राहते. दोन्हीकडची माणसं भली होती, दोघांनीही मला चहा पाजला. चहा पिऊन मी इकडून तिकडं आणि तिकडून इकडं फिरत होते. शेवटी माझ्या ओळखीच्या एका सिस्टरनं डोळेझाक केली आणि खाट मिळवली. मी घाम पुसत वस्तीवर आले, तर जैनी मान हलवून नाही म्हणाली.

"काऊन नाई?" मी विचारलं.

कुम्मेबाई म्हणाली, "मोव पडून राह्यला ना, बाई."

मला पटलं. मोह म्हणजे काय ते या भागात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. तो वाळवून ठेवतात, खातात, विकतात, देवाला देतात. आणि झाडं वाटलेली असतात. हे झाड या घराचं, ते त्या घराचं, आजापासून चालत आलेलं. गाव सुटलं तरी झाडं सुटत नाहीत. ओस गावातल्या त्या झाडांना दुसरं कोणी हात लावत नसे. म्हणून हंगामात सगळी वस्तीच उठून जुन्या गावात जायची, दिवसभर झाडाखाली राहायची. मी म्हटलं, जैनीच्या झाडाचा मोह दुसऱ्या कोणी वेचावा, मी सांगते सगळ्यांना. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारणी लगेच तयार झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी जैनी त्यांच्या आधीच गावाकडं निघून गेली होती. एवढं मोठं पोट घेऊन, उन्हात, जंगलातून.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग त्या आठवड्यात फिरत्या दवाखान्याच्या गाडीत बसून मीही आत गेले. नर्सला बसायची परवानगी होती, तेवढी मेहेरबानी. आणि तिथं गेल्यावर काय पाहावं? ओस गाव माणसांनी भरलेलं. झाडाखालचा पाला जाळून जमीन लख्ख केलेली, त्या काळ्या जमिनीवर पिवळट फुलं. बाया वाकून वेचतायत, टोपल्या भरतायत, म्हातारे पडक्या ओट्यांवर विड्या ओढतायत, कोंबड्यासुद्धा घेऊन आलेली माणसं. हवेत त्या वासाचा जाड थर. वर्षात तेवढेच दिवस सरकारी कागद खरा व्हायचा. डॉक्टर खूश झाला. म्हणाला, "गाव तर चांगलं आहे की!"  त्याची बदली होऊन तो नुकताच आला होता.

जैनी आपल्या झाडाखाली बसली होती. फुलं वेचत नव्हती, नुसती बसली होती. पायांवर सूज, डोळे आतून पांढरेफटक. मी तिथंच तिचा रक्तदाब पाहिला. आकडा भलताच वर गेला होता. मग मी कुम्मेबाईवर तोंड सोडलं. सून मारायची आहे का, तीन मुलं घालवायची आहेत का, जे तोंडात आलं ते बोलले. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. टोपली बाजूला ठेवली आणि समोरच्या पडक्या घराच्या उंबऱ्याकडं बोट केलं.

"तिथी माह्या पोरामांगून पडलेली वार पुरली हाये," ती म्हणाली. "त्याच्या बापाची बी तिथीच. पयलं पोरगं गेलं ना हिचं, त्याची बी. ते मेलं तरी आमच्यातच हाये. दुसऱ्याची वार तुह्या दवाखान्यानं फेकली. कुठी फेकली? कोनाले मालूम नाई. मंग ते लेकरू कसं राहीन, बाई? त्याले जागाच नाई."

मी काही बोलणार तोवर ती पुढं म्हणाली, "तू गोळी देते, सुई देते. चांगली हायेस तू. वार देते का?"

आम्ही सगळे मोहाला दोष देत बसलो होतो आणि बाई इथं येऊन बसली होती ती मोहासाठी नव्हतीच. तिला मूल आपल्या उंबऱ्याजवळ व्हायला हवं होतं, म्हणजे वार कोणी हिरावून नेणार नाही. इतकी साधी अट. त्या अटीसाठी ती मरायला तयार होती आणि आमच्या एकाही बैठकीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. रस्ता, गाडी, खाट, रक्त यांच्याबद्दल आम्ही तासनतास बोललो होतो. तिला काय हवं, हे तिलाच विचारायचं राहून गेलं होतं.

मी म्हटलं, "देते. माझ्या हातानं आणून देते." कुम्मेबाईनं जैनीकडं पाहिलं. जैनी उठली. बस, एवढंच. इतके दिवस जे समजावून झालं नव्हतं ते एका शब्दावर झालं. फिरत्या गाडीत पेशंट बसवायचा नियम नाही, असं ड्रायव्हर म्हणायच्या आत मी तिला आत बसवलं होतं. त्यानं आरशातून माझं तोंड पाहिलं आणि गाडी सुरू केली.

माहेरघरात ती थोडेच दिवस राहिली. एका दुपारी कळा सुरू झाल्या. तिथली गाडी दुसऱ्या बाईला घेऊन गेलेली, म्हणून मी रुग्णवाहिकेला फोन लावला. दूरच्या कुठल्या तरी शहरातून एक मुलगी अतिशय गोड आवाजात बोलली. "मॅडम, रुग्णाचं गाव सांगा." मी आरोग्यकेंद्राचं नाव सांगितलं. "ते नाही मॅडम, राहण्याचं गाव." मी म्हटलं, वस्ती आहे, नाव नाही. "नाव नसेल तर नोंद होत नाही, मॅडम." चिडून मी जुन्या गावाचं नाव सांगितलं, आणि त्याबरोबर पलीकडच्या केंद्रातून एक गाडी ओस गावाकडं निघाली! बाई इथं कळा देते आहे आणि तिची गाडी तिकडं मोहाच्या झाडांकडं चाललेली. तो ड्रायव्हर परतीच्या वाटेतून फोन करून विचारतो, "सिस्टर, तिथी कोनी पेशंट नाई, सगळे मोव वेचून राह्यले. पेशंट कुठी हाये?" आज हे सांगताना लोक हसतात. त्या वेळी मी फोन भिंतीवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला होता.

शेवटी केंद्राचीच गाडी परत आली आणि आम्ही निघालो. कुम्मेबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन गोंडीत काहीतरी पुटपुटत होती. वाटेत दोन्हीकडं मोह पडलेला, बाया वेचत होत्या, आमच्या गाडीकडं मान वर करून बघत होत्या. जैनी ओरडली नाही. ओठ चावून रक्त आलं, पण आवाज नाही. मला तिच्या गप्प राहण्याचीसुद्धा चीड येत होती.

दवाखान्यात रक्त मिळालं, चढलं, आणि मुलगी झाली. बारीक, सुरकुतलेली, पण जोरात रडली. मी तिथल्या भिंतीला टेकून उभी होते. त्या दवाखान्याचं ऋण मी मानते, डॉक्टरांनी जीव तोडून काम केलं. पण मग वार पडली, आणि ती पिवळ्या पिशवीकडं निघाली.

"ती मला द्या," मी म्हटलं.

तिथल्या प्रमुख सिस्टरला आधी कळलंच नाही. कळल्यावर म्हणाल्या, "असं कसं? हा जैविक कचरा आहे. पिवळी पिशवी. तुम्ही स्वतः नर्स आहात, तुम्हाला सांगायचं का?" मला नियम ठाऊक होता. मी तो दुसऱ्यांना शिकवलाय. पण तो कचऱ्याचा नियम आहे, आणि दाराबाहेर एक म्हातारी बसली होती जिच्या लेखी तो कचरा नव्हता. मी सांगितलं, समजावलं, मग आवाज चढवला. तरुण डॉक्टर मध्ये आला. "मॅडम, धोरण असं आहे की..." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ही मुलगी जगली. आता हिच्या वस्तीतल्या बाकीच्या बाया इथं येणार की नाही, ते या पिशवीत आहे. फेका खुशाल."  तो खिडकीकडं गेला, आमच्याकडं पाठ केली आणि बाहेर बघत राहिला. प्रमुख सिस्टर हुशार होत्या. त्यांनाही एकदम दुसऱ्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

कुम्मेबाईनं ती पळसाच्या पानांत गुंडाळली, पदराखाली घेतली आणि एसटीनं निघून गेली. माझे आभार मानले नाहीत. तिकडं तशी पद्धतच नाही, कबूल केलेलं द्यायचंच असतं. जैनी खाटेवर पडून छताकडं बघत होती. पहिल्यांदाच ती माझ्याशी आपण होऊन बोलली. "उंबऱ्याजवळ पुरन ना थे?" मी म्हटलं, "हो." मग तिनं मुलीला छातीशी घेतलं. त्या सगळ्या भांडाभांडीत ती एक शब्द बोलली नव्हती, सगळं ऐकत होती.

त्यानंतर वस्तीतल्या बाया दवाखान्यात यायला लागल्या. माझ्यासोबतच यायच्या, माझ्याशिवाय नाही. मी भांडायची, त्या वार घेऊन जायच्या. मला तेव्हा अभिमान वाटायचा, आता वाटतं हा काय कारभार झाला? एका तोंडाळ बाईच्या तोंडावर आख्ख्या वस्तीची बाळंतपणं चालणार? पुढं माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी तास दोन तास बसवून सगळं सांगितलं. तिचीही बदली झाली. तिनं पुढच्या मुलीला काय सांगितलं, देव जाणे. फिरत्या दवाखान्याची गाडी अजूनही वस्ती ओलांडून आत जाते म्हणतात. आमच्या खात्यात औषधाची बाटली फुटली तर चौकशी होते. माणसांनी शिकून घेतलेली गोष्ट दर बदलीला फुटते, तिची चौकशी कोणी करत नाही.

आणि आता, याच मोहाच्या दिवसांत, मागच्या आठवड्यात फोन आला. मला आवाज ओळखू आला नाही.

"बाई, मी जैनी."

रस्त्यानं पुढं फाट्यावर येऊन बोलत होती, वस्तीत टॉवर लागत नाही. पुन्हा दिवस गेलेत, महिने भरत आले. कुम्मेबाई मागच्या पावसाळ्यात गेली. मुलगी शाळेत जाते. नवी सिस्टर चांगली आहे, पण वार मिळणार नाही म्हणाली, नियम नाही म्हणाली. माझं डोकं फिरलंच. मी म्हटलं, "तू घरी राहू नको, जैनी. ऐक माझं. मी रजा टाकते, येते, बघते त्यांच्याकडं. तू फक्त घरी राहू नको."



"कायले येते तू?" ती म्हणाली. "मी जाते ना दवाखान्यात. मीच मांगते डॉक्टरले. माही हाये ते, त्यायची नाई."

"आणि नाही दिली तर?"

"तं पलंगावरून उठतच नाई मी. दुसऱ्या बाईले कुठी झोपवतीन मंग ते?"

फोन तुटला. मी औषधांच्या खोलीत एकटी उभी होते. रजेचा अर्ज मी तरीही टाकला. भांडायला जात नाही मी. ती भांडेल, तेव्हा मला तिथं असायचं आहे.